नंबर वन, रॉयल क्रेसेंट, बाथ: एका फरशीवाल्याचा अभिप्राय

सोलापुरातून पोरांकडे इंग्लंडला निघालेल्यांना मी लंडनच्या आधी बाथ शहरातलं हे जुनं घर सांगतो, आता तिथं संग्रहालय आहे. आमचं शहाबादी-कडप्प्याचं दुकान. सोबतची मंडळी आत पलंग-पडदे बघत होती, माझं लक्ष दगडावर.

दगड तिथलाच, बाथ स्टोन, मधाच्या रंगाचा चुनखडक. आपली शहाबादीही चुनखडकच, पण ती थरांनी निघते, म्हणून तिची फरशी होते. बाथचा दगड कुठल्याही बाजूनं कापा. खाणीतून निघतो तेव्हा मऊ, करवत चालते. वारं लागलं की टणक होतो. सांधे इतके बारीक बसलेत ते त्यामुळेच.

रॉयल क्रेसेंट म्हणजे अर्धवर्तुळात ३० घरं, १७६७ ते १७७४ मध्ये बांधलेली, त्यातलं हे एक नंबरचं. वास्तुकार जॉन वूड, धाकटा. पठ्ठ्यानं दर्शनी भिंत तेवढी आखून दिली, ११४ खांबांसकट. मागं ज्यानं त्यानं आपापल्या मर्जीनं बांधायचं. पुढून सलग राजवाडा आणि मागं कुणाची भिंत पुढं आलेली, कुणाच्या खिडक्या खालीवर. थेट आपल्या कसब्यातली गल्ली!

खिडक्या मात्र भल्यामोठ्या, वर सरकवायच्या. आपल्या माळवदाच्या घरात भिंती जाड, खिडक्या बेताच्या, वर मातीचा थर, कारण ऊन बाहेर ठेवायचं असतं. तिकडं उन्हाला आवतण द्यावं लागतं. त्यात १६९६ पासून १८५१ पर्यंत खिडक्यांवर कर होता, म्हणजे जास्त खिडक्या हा पैशाचा थाटही झाला.

१७७६ पासून हेन्री सँडफर्ड नावाचे एक गृहस्थ या घरात भाड्यानं राहायचे. वरच्या खोल्या त्यांच्या काळासारख्या मांडल्यात. नोकरांची शेजारची बाजू मधे तुटली होती, ती २०१३ साली परत जोडली. खरी मजा तिथं, तळघरातल्या स्वयंपाकघरात. चुलीशेजारी भिंतीत उंचावर एक लाकडी चाक आहे. त्यात आखूड पायांचं कुत्रं पळवायचे, चाक फिरलं की विस्तवावरची मांसाची सळई फिरायची. मालक वर पाहुण्यांत आणि खाली हे जनावर धगीत पळतंय! आमच्या सौ. तिथून लगेच बाहेर पडल्या.

माझ्याकडून पाचपैकी पाच. घाई असेल तर वरची शयनगृहं भरभर उरका, पण तळघर आणि मागची गल्ली सोडू नका. गल्लीला तिकीटही नाही.