मॅपचे बंधन आणि स्वयंचलित दरबदल: मोफत साधन की विकतचे सॉफ्टवेअर?

अमेरिकेत ॲमेझॉनवर ब्रँडेड माल विकणाऱ्यासमोर दुहेरी पेच असतो. फीचर्ड ऑफर, म्हणजे उत्पादनाच्या पानावर खरेदीच्या बटणामागे आपलीच ऑफर असणे (जुने नाव बाय बॉक्स), मिळवायची तर दर सतत स्पर्धकाच्या जवळ ठेवावा लागतो. पण उत्पादकाने ठरवलेल्या किमान जाहिरात किमतीच्या, म्हणजे मॅपच्या, खाली दर दिसला तर पुरवठा थांबू शकतो. मॅपची अंमलबजावणी ॲमेझॉन करत नाही, त्यामुळे तिथून इशारा मिळेल अशी अपेक्षा ठेवू नये.

ॲमेझॉनच्या विक्रेत्यांसाठीच्या सेलर सेंट्रल पोर्टलमधील ‘ऑटोमेट प्रायसिंग’ हे दर आपोआप बदलणारे साधन मोफत आहे आणि वापरायला सोपे आहे. नियम निवडायचा, प्रत्येक एसकेयूला, म्हणजे मालाच्या प्रत्येक प्रकाराच्या सांकेतिक क्रमांकाला, किमान दर द्यायचा, की काम सुरू होते. मात्र हा किमान दर बहुतेक जण स्वतःच्या खर्चावरून काढतात आणि तिथेच घोटाळा होतो. समजा, एका मिक्सरची खरेदी 110 डॉलरची आहे. 15 टक्के कमिशन धरले आणि इतर खर्च बाजूला ठेवले, तर सुमारे 129.41 डॉलरला हिशेब जुळतो, म्हणून विक्रेता किमान दर 130 भरतो. मॅप 149.99 असताना एखादा स्पर्धक 139 वर उतरला, तर साधन नेमून दिल्याप्रमाणे त्याच्या मागोमाग उतरते आणि उल्लंघन आपल्या नावावर लागते. खर्च आणि मॅप यांपैकी जो आकडा मोठा, तोच किमान दर असला पाहिजे.

विकतच्या सॉफ्टवेअरचा खरा उपयोग इथे आहे. काही सॉफ्टवेअरमध्ये मॅपसाठी स्वतंत्र रकाना असतो, ब्रँडची यादी एकगठ्ठा चढवता येते आणि सणासुदीच्या विक्रीत उत्पादकाने मॅप तात्पुरता उठवला, तर ती मुदत आधीच लावून ठेवता येते. दरमहा शुल्क मात्र चुकत नाही. दोन-तीनच ब्रँड असतील आणि त्यांच्या याद्या क्वचित बदलत असतील, तर माझ्या मते मोफत साधन पुरेसे आहे. ब्रँड अनेक असतील, तर शुल्क वसूल होते.

कूपनबाबत मात्र दोन्हीकडे स्वतः लक्ष ठेवावे लागते. दर मॅपवर असला तरी त्यावरचे कूपन उल्लंघन ठरते की नाही, हे त्या ब्रँडच्या धोरणात वाचूनच ठरवावे.

भारतातही विक्री करणाऱ्यांनी एक फरक ध्यानात ठेवावा. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 2007 च्या लीजिन खटल्यात उत्पादकाने विक्रेत्यावर किमान पुनर्विक्री किंमत (ज्याखाली माल विकायचा नाही असा दर) लादणे आपोआप बेकायदा मानणे थांबवले. भारतात मात्र डीलरांच्या सवलतींवर नियंत्रण ठेवल्याबद्दल स्पर्धा आयोगाने 2021 मध्ये मारुती सुझुकीला 200 कोटी रुपयांचा दंड केला. म्हणून अमेरिकेतील मॅपच्या आकड्यांची फाइल भारतातील लिस्टिंगवर जशीच्या तशी चढवू नये. इथला छापील दर, म्हणजे एमआरपी, ही वरची मर्यादा आहे आणि साधनातील कमाल दराच्या रकान्यात तीच भरावी.