बुरशीची भयकथा: मुंग्यांची बुरशी घ्यावी की इस्पितळातली?

कादंबरीतली साथ ऑफिओकॉर्डिसेप्स या मुंग्यांना ग्रासणाऱ्या बुरशीवर बेतली, तर भीती आयतीच मिळते. बुरशी लागलेली मुंगी झाडावर चढते, साधारण 25 सेंटीमीटर उंचीवर पानाच्या शिरेत जबडा रुतवते आणि मरते. मग डोक्यामागून फुटलेल्या देठातून बीजाणू खाली झडतात. अडचण आहे ती तापमानाची. बहुतेक बुरशींना माणसाच्या देहाचं 37 अंश सेल्सिअस मानवत नाही, आणि ही तर ठरावीक मुंग्या सोडून फारशी कुठे जात नाही. तिनं माणसापर्यंत झेप कशी घेतली हे सुरुवातीलाच पटवलं नाही, तर पुढचं सगळं ढासळतं. गंमत म्हणजे ती मुंगीच्या मेंदूत शिरत नाही, स्नायूंभोवती जाळं विणते. म्हणजे माणूस शुद्धीवर, देह मात्र परका! हा धागा वाया घालवू नये.

इस्पितळातली बुरशी म्हणजे कॅन्डिडा ऑरिस (पहिलं वर्णन 2009, जपान). ती 37 अंशांवर आरामात वाढते, कातडीवर नि खाटेच्या कठड्यावर टिकून राहते, अनेक औषधांना दाद देत नाही. पण गंभीर आजार होतो तो मुख्यतः आधीच खंगलेल्या रुग्णांना. शहर ओस पाडायला ती अपुरी. एका इस्पितळात कोंडलेल्या कथेला मात्र हीच घ्यावी. उपचाराचा पेचही खरा आहे: बुरशीची पेशी आपल्या पेशीशी बरीच मिळतीजुळती, म्हणून अ‍ॅम्फोटेरिसिन बी हे बुरशीवरचं औषध मूत्रपिंडांनाही झोडपतं.