एरिक कार्ल यांची चित्रपुस्तके: काही महिन्यांच्या वापरानंतर

ठाण्यात घोडबंदर रस्त्यावरील आमच्या सोसायटीच्या बालवाचनालयात अमेरिकी चित्रकार एरिक कार्ल (१९२९–२०२१) यांची काही पुस्तके उन्हाळ्यापासून मुलांच्या हाती आहेत. टिश्यू कागद अ‍ॅक्रिलिक रंगांनी रंगवायचा, कापायचा आणि चिकटवायचा, हे त्यांचे तंत्र सर्वत्र तेच असल्यामुळे वरवर चाळणाऱ्याला चित्रे एकाच साच्यातली वाटू शकतात. माझ्या मते त्यांचे अष्टपैलुत्व चित्रशैली बदलण्यात नसून, ते पुस्तकाच्या पानाकडून जी निरनिराळी कामे करून घेतात त्यांत आहे.

'द व्हेरी हंग्री कॅटरपिलर' (१९६९) मधला सुरवंट सोमवारी एक सफरचंद, मंगळवारी दोन नासपती असे खात जातो. ती पाने क्रमाने रुंद होत जातात आणि फळांना आरपार भोके आहेत. मुले त्या भोकांत बोट घालतातच, त्यामुळे जाड पुठ्ठ्याची आवृत्ती घेतली हे बरे झाले. पावसाळ्यातील दमट हवेने तिचे कोपरे थोडे फुगले, पण पाने सुटली नाहीत.

सर्वाधिक वापर मात्र 'द व्हेरी बिझी स्पायडर' (१९८४) चा झाला. त्यातले कोळ्याचे जाळे कागदावर उठावदार छापलेले असून पानागणिक वाढत जाते. गोष्ट कानांवर पडत असताना मूल जाळ्यावरून बोट फिरवते, आणि मागच्या पानापेक्षा धागे वाढले आहेत हे त्याला कोणी सांगण्याआधीच कळते. दृष्टी अधू असलेल्या मुलालाही ही वाढ बोटांनी समजू शकते. चित्रकाराने डोळ्यांखेरीज दुसऱ्या इंद्रियाचा इतका नेमका विचार केल्याचे मी क्वचितच पाहिले आहे.

'द व्हेरी क्वाएट क्रिकेट' (१९९०) मध्ये शेवटचे पान उघडताच रातकिड्याचा आवाज येतो. गोष्टभर गप्प राहिलेला रातकिडा तिथेच बोलतो, म्हणून ती करामत सार्थ ठरते. अर्थात मुले पुढे पुढे गोष्ट सोडून थेट ते पान उघडू लागतात, हेही खरे. 'पापा, प्लीज गेट द मून फॉर मी' (१९८६) मधली उलगडणारी पाने सुंदर आहेत, पण घड्या लवकर विरतात. ते मोठ्यांनी हातात धरून दाखवावे. 'मिस्टर सीहॉर्स' (२००४) मधील पारदर्शक पानांमागे लपलेले मासे शोधायला चार वर्षांपुढची मुले अधिक रमतात. एकच पुस्तक घ्यायचे असेल, तर मी कोळ्याचे सुचवीन.