१३:००:४५ की ००:००:५०? द्राक्षबागेतल्या पोटॅशची निवड

मण्यात पाणी उतरायची, म्हणजे मणी मऊ होऊन गोडी भरायची वेळ आली, की द्राक्ष बागायतदाराला पोटॅश आठवते. दुकानात दोन विद्राव्य खते समोर येतात: १३:००:४५, म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, आणि ००:००:५०, म्हणजे पोटॅशियम सल्फेट. हे आकडे अनुक्रमे नत्र, स्फुरद आणि पोटॅशचे टक्के. बहुतेक जण पोटॅशचा आकडा बघून ठरवतात. माझ्या मते बघायचे ते नत्र.

२५ किलोच्या पिशवीत नायट्रेट सव्वाअकरा किलो पोटॅश देते, सल्फेट साडेबारा किलो. हा फरक किरकोळ आहे. पण नायट्रेटसोबत सव्वातीन किलो नत्रही बागेत जाते, तेही मुळांना लगेच उचलता येईल अशा रूपात. सल्फेटमध्ये नत्र अजिबात नाही. त्याऐवजी चार किलोंच्या वर गंधक मिळते.

फळछाटणीनंतर (ऑक्टोबरच्या सुमाराची, फळासाठीची छाटणी) पाने आणि मणी दोन्ही वाढत असतात, तेव्हा हे नत्र कामी येते. तिथे मी बिनदिक्कत १३:००:४५ सुचवेन. पाणी उतरल्यावर मात्र तेच नत्र नडते: शेंडे पुन्हा फुटतात, गोडी आणि रंग लांबतो, मणी मऊ पडून माल टिकत नाही. निर्यातीची बाग असेल तर या टप्प्यापासून ००:००:५० वरच यावे. खरड छाटणीनंतर (एप्रिलच्या सुमाराची) पुढच्या फळासाठी काडी पिकवतानाही सल्फेटच बरे. वेल खरोखर अशक्त असेल तर गोष्ट वेगळी. तिथे देठ परीक्षणाचा (पानाच्या देठातल्या अन्नद्रव्यांच्या तपासणीचा) अहवाल हातात घेऊनच ठरवा.

विरघळण्यात नायट्रेट सरस आहे. २० अंश सेल्सिअसला १०० मिलिलिटर पाण्यात ते सुमारे ३१ ग्रॅम विरघळते, सल्फेट जेमतेम ११ ग्रॅम. म्हणून सल्फेटला टाकी मोठी लागते. नायट्रेट विरघळताना पाणी गार होते, आणि गार पाण्यात ते कमी विरघळते. निफाडच्या थंडीत पहाटे पूर्ण पिशवी एकदम ओतू नका, थोडे थोडे टाकत ढवळा.

कॅल्शियम नायट्रेट देत असाल तर त्याच टाकीत सल्फेट कधीही मिसळू नका. जिप्समचा गाळ बसतो आणि ड्रिपर तुंबतात. १३:००:४५ सोबत ही अडचण येत नाही. विहिरीचे पाणी खारट असेल तर मात्र पारडे सल्फेटकडे झुकते, कारण त्याचा क्षारनिर्देशांक (खत मातीतल्या पाण्याचा खारटपणा किती वाढवते याचे माप) ४६ च्या आसपास आहे आणि नायट्रेटचा ७४. स्वस्त म्हणून ००:००:६०, म्हणजे पोटॅशियम क्लोराइडकडे वळू नका; त्यात जवळपास निम्मे क्लोराइड असते आणि द्राक्षाला ते सोसत नाही.

साठवणीत नायट्रेटला जास्त जपावे लागते. बंदुकीच्या दारूतला सोरा तो हाच. स्वतः जळत नाही, पण आगीला प्राणवायू पुरवतो. भुरी रोगासाठी आणलेली गंधकाची भुकटी आणि डिझेलचे कॅन त्याच्या शेजारी अजिबात ठेवू नका.