काकवीची प्रवासपेटी : सात महिने, सहा फेऱ्या आणि झाकणाची रबरी पट्टी

मे महिन्यातल्या दुसऱ्या शनिवारी दुपारी पावणेदोनच्या सुमारास कऱ्हाडजवळ उड्डाणपुलाच्या कामापाशी वाहनांच्या रांगेत आमची गाडी अडकली होती आणि त्याच वेळी पेटीच्या तापमापकाचा गजर वाजला. पेटीच्या आत २९.१ अंश सेल्सिअस तापमान होते आणि आकडा थांबून थांबून वरच सरकत होता. पेटीत आमची काकवी होती. काकवी ही बॉल पायथन या अजगराच्या जातीची मादी असून ती साडेचार वर्षांची आहे आणि तिचे वजन १ किलो ३५० ग्रॅम आहे. अंगावरच्या गडद तपकिरी आणि सोनेरी पट्ट्यांमुळे माझ्या धाकट्या भावाने तिचे हे नाव ठेवले.

२९ अंश तापमान बॉल पायथनला मारक नसते. घरच्या काचपेटीत तिचा उबदार कोपरा आम्ही ३१ ते ३२ अंशांवरच ठेवतो. मात्र घरी तिला ऊब नकोशी झाली की ती २६ अंशांच्या कोपऱ्यात जाऊन बसते. प्रवासात कापडी पिशवीत बांधलेल्या सापाला जायला कुठलीच जागा नसते. सापाला घाम येत नाही आणि शरीराचे तापमान तो आतून सांभाळू शकत नाही, त्यामुळे भोवतालची हवा ३५ अंशांच्या वर जाऊन तशीच राहिली तर त्याच्या हाती काहीच उरत नाही. म्हणूनच त्या दिवशी मला २९ या आकड्यापेक्षा त्याच्या चढण्याची भीती वाटली. ही पेटी घेऊन आता सात महिने झाले आहेत. हा अनुभव मी कऱ्हाडजवळच्या त्या पंचेचाळीस मिनिटांमुळे लिहीत आहे, कारण त्या प्रसंगाचा दोष मी आधी चुकीच्या वस्तूला दिला होता आणि ती चूक मला दुरुस्त करायची आहे.

काकवी गेल्या डिसेंबरात आजारी पडली. श्वास घेताना शीळ वाजल्यासारखा आवाज येत होता आणि तोंडाच्या कडेला बुडबुडे दिसत होते. म्हणजे श्वसनमार्गाचा संसर्ग झाला होता. तिच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टर पुण्यात असतात. कोल्हापूरहून पुणे सुमारे २३० किलोमीटर आहे आणि रुंदीकरणाच्या कामांमुळे हा प्रवास चार तासांचा होईल की सहा तासांचा, हे निघताना सांगता येत नाही. म्हणून २६ लिटरची, जाड फोमच्या भिंतींची पेटी मी २,४०० रुपयांना घेतली. तिच्याबरोबर बर्फाचे दोन जेल पॅक आले होते. डिसेंबर आणि जानेवारीच्या फेऱ्यांत थंड करण्याचा प्रश्नच नव्हता. पेटीने आतली ऊब धरून ठेवली. त्या दोन फेऱ्यांनंतर कोणी विचारले असते, तर मी या पेटीला पैकीच्या पैकी गुण दिले असते.

फेब्रुवारीच्या अखेरीस बाहेर ३५ अंश होते, तेव्हा पहिल्यांदा जेल पॅक वापरले. फ्रीजरमधून काढलेले दोन्ही पॅक वर्तमानपत्रात गुंडाळून मी झाकणाखाली बांधले, कारण थंड हवा खाली उतरते आणि साप तळाशी असतो. किणीचा टोलनाका ओलांडेपर्यंत आतले तापमान १८.४ पर्यंत उतरले होते. आजारी फुप्फुसांच्या सापाला डॉक्टरांनी २४ अंशांच्या खाली नेऊ नका असे बजावले होते. मी एक पॅक काढून टाकला. तीन तासांनी उरलेला पॅक पाणी झाला आणि तापमान ३० कडे निघाले. शिवाय पॅकवर साचलेले दव टपकून पिशवीचा एक कोपरा ओला झाला. बर्फ भाजीसाठी आणि औषधासाठी योग्य असेल. सापाला मात्र थंडावा लागत नाही, त्याला न हलणारे तापमान लागते.

त्यानंतर मी २२ अंशांना वितळणारे पीसीएम (फेज चेंज मटेरियल) पॅक मागवले. अर्ध्या किलोचा एक पॅक ६५० रुपयांना, असे चार. २,४०० रुपयांच्या पेटीत २,६०० रुपयांचे पॅक घालणे मला जिवावर आले होते, हे मान्य करते. या पॅकमधला पदार्थ २२ अंशांना वितळू लागतो आणि पूर्ण वितळेपर्यंत बाहेरून येणारी उष्णता शोषत त्याच तापमानाला टिकून राहतो. किलोमागे तो बर्फाइतकी उष्णता शोषत नाही, पण शून्य अंशांचा धोका त्यात मुळीच नसतो. परदेशातले पैदासकार सरपटणारे प्राणी पाठवताना उन्हाळ्यात हेच २२ अंशांचे पॅक वापरतात. आदल्या रात्री ते साध्या फ्रीजमध्ये ठेवून घट्ट करायचे आणि निघण्यापूर्वी तासभर बाहेर काढून त्यांचा जादा गारवा जाऊ द्यायचा. पॅक आणि सापाची पिशवी यांच्यामध्ये मी भोके पाडलेल्या खोक्याच्या पुठ्ठ्याचे दोन थर ठेवते.

एप्रिलची फेरी याच पॅकवर झाली. बाहेर ३८ अंश असताना पेटीतले तापमान जाताना साडेपाच तास २४.६ ते २५.८ यांच्या दरम्यान राहिले. येताना पॅक डॉक्टरांच्या दवाखान्यातल्या फ्रीजमध्ये ठेवले होते आणि त्यांनी तेवढीच साथ दिली. त्या रात्री मी हिशेबाच्या वहीत २,६०० रुपयांपुढे ‘योग्य खर्च’ असे लिहिले.

त्यामुळे मे महिन्यात गजर वाजला तेव्हा मी फसवले गेल्याची भावना घेऊन घरी आले. त्या दुपारी भावाने गाडीचे वातानुकूलन पूर्ण वाढवले, मी पेटीवर ओला पंचा टाकला आणि साताऱ्याहून विकत घेतलेली गार पाण्याची बाटली वर्तमानपत्रात गुंडाळून पुठ्ठ्यावर ठेवली. तापमान २९.६ ला थांबले आणि पेठनाक्यापर्यंत २७ वर आले. काकवीला काही झाले नाही; घरी आल्यावर तिने पाणी प्यायले आणि ती आपल्या मडक्यात शिरली. मी मात्र त्याच रात्री पॅक विकणाऱ्यांना दीड पानाचे तक्रारपत्र लिहिले, की तुमचे पॅक दोन महिन्यांत निकामी झाले. ते पत्र मी आता मागे घेतले आहे आणि दिलगिरीही कळवली आहे. पॅकमध्ये काहीही दोष नव्हता.

दोष झाकणाच्या रबरी पट्टीत होता. तो भावाने शोधला. रात्री दिवे मालवून त्याने पेटीत पेटती बॅटरी ठेवली आणि झाकण लावले. मागच्या उजव्या कोपऱ्यात सुमारे वीतभर लांबीची प्रकाशाची रेघ दिसली. तापमापकाची वायर आम्ही दर वेळी याच कोपऱ्यातून आत घेत होतो. पाच फेऱ्यांत वायरीखाली दबून पट्टी चिरली होती आणि तिथून पुढे खाचेतून सुटली होती. नुसती फट असती तर एवढे बिघडले नसते. पण पेटीच्या भिंतींत मध्यावर मी हवेसाठी सहा मिलिमीटरची चार भोके पाडलेली आहेत. वर फट आणि खाली भोके, अशी रचना झाल्यावर आतली गार, जड हवा भोकांतून बाहेर ओघळते आणि वरच्या फटीतून गरम हवा तिची जागा घेते. म्हणजे पेटीत वाराच खेळू लागतो आणि पॅक दुप्पट वेगाने वितळतात. सापाला श्वासासाठी सस्तन प्राण्याच्या मानाने फारच थोडी हवा पुरते, त्यामुळे चार लहान भोके पुरेशी आहेत. त्यांच्यापलीकडे पेटीला एकही वाट असता कामा नये.

यानंतर पेटीच्या कंपनीशी झालेला व्यवहार मला अजूनही सलतो. पट्टी वॉरंटीत येत नाही, हे मी समजू शकले. पण पट्टी सुटी विकतच मिळत नाही, संपूर्ण झाकण घ्यावे लागेल आणि ते १,३५० रुपयांना पडेल, हे उत्तर मला तीन वेळा फोन केल्यावर मिळाले. जी पेटी वर्षानुवर्षे टिकेल म्हणून विकली जाते, तिचा पहिल्यांदा झिजणारा भाग सुटा न विकणे हा ग्राहकावर अन्याय आहे. माझा आग्रह आहे की कोणतीही उष्णतारोधक पेटी घेताना लिटर आणि फोमची जाडी विचारण्याआधी हा एकच प्रश्न विचारावा: रबरी पट्टी सुटी मिळते का?

मी पट्टीचा तुकडा घेऊन शिवाजी उद्यमनगरात गेले. यंत्रांचे सील आणि गॅस्केट विकणाऱ्या एका दुकानातल्या वयस्कर गृहस्थांनी तो तुकडा बोटांनी दाबून पाहिला आणि विचारले, “ताई, आत काय ठेवता?” मी साप म्हटल्यावर ते क्षणभर थांबले, आणि मग एवढेच म्हणाले, “मग वायर पट्टीखालनं नेऊ नका. भोकातनं न्या, वरनं मेण लावा.” त्यांनी त्याच मापाची मऊ पोकळ पट्टी कापून, कोपरे तिरके जोडून दिले. खर्च ६० रुपये आला. आणखी ६० रुपयांची दुसरी पट्टी मी राखीव घेतली. वायर आता चारपैकी एका भोकातून जाते. सात महिन्यांत या पेटीवर झालेली सर्वांत उपयुक्त सुधारणा हीच आहे, आणि ती पेटी बनवणाऱ्यांना सुचायला हवी होती.

पट्टी बसवल्यावर रिकाम्या, म्हणजे साप नसलेल्या पण पॅक घातलेल्या, पेटीची चाचणी घेतली. कुत्र्या-मांजराच्या बाबतीत अशी चाचणी निरुपयोगी ठरेल, कारण त्यांच्या अंगाची उष्णताच पेटी तापवते. साप जवळजवळ काहीच उष्णता निर्माण करत नाही, त्यामुळे रिकाम्या पेटीचा आकडा खरा धरता येतो. दुपारी रंकाळ्याजवळ उन्हात गाडी बंद करून ठेवली. दोन तासांनी गाडीत ५१ अंश होते आणि पेटीत २६.२. हा आकडा पाहून कोणी सापाला बंद गाडीत ठेवून जेवायला जाऊ नये. मी तो फक्त पट्टीची परीक्षा म्हणून देत आहे.

याच सुमारास इचलकरंजीच्या एका ओळखीच्या गृहस्थांनी आपला कॉर्न स्नेक ट्रॅव्हल्सच्या डिकीतून पुण्याला पाठवण्यासाठी ही पेटी मागितली. मी लगेच नकार दिला नाही. एका कामासाठी मला दिवसाच्या बसने पुण्याला जायचेच होते. रिकामी पेटी डिकीत ठेवली आणि किमान-कमाल नोंदवणारा एक तापमापक पेटीच्या बाहेर, तर एक आत लावला. डिकीत ४६ अंशांची नोंद झाली, पेटीत २७.४. आकडे चांगले होते, तरीही मी पेटी दिली नाही. डिकीतला गजर कोणाला ऐकू येणार, आणि मे महिन्यात कऱ्हाडला आम्ही जे केले ते तिथे कोण करणार? अमेरिकेत टपाल खाते साप मुळीच स्वीकारत नाही. तिथले पैदासकार खासगी कुरिअरने एका रात्रीत पोहोचेल असे पाठवतात, पेटी दारोदार फिरणाऱ्या गाडीत न ठेवता कुरिअरच्या केंद्रावरच थांबवून घेतात, आणि निघण्याच्या किंवा पोहोचण्याच्या ठिकाणी पारा ३८ अंशांच्या आसपास जाणार असेल तर पाठवणी पुढे ढकलतात. आपल्याकडे अशी व्यवस्था हाताशी नसताना, उन्हाळ्यात साप सोबत माणूस असल्याशिवाय पाठवू नये असे माझे स्पष्ट मत आहे. त्या गृहस्थांचा साप पुढच्या रविवारी पहाटे चारला निघून आमच्याच गाडीतून गेला.

निघण्याआधीच्या तयारीबद्दल थोडे. प्रवासापूर्वी सात दिवस काकवीला खायला देत नाही, कारण पोटात भक्ष्य असताना धक्के आणि उष्णता बसली तर साप ते ओकून टाकतो. पाणी आदल्या रात्री देते. पेटीत वाटी ठेवत नाही. पिशवी मांजरपाटाची आहे, गांधीनगरातून कापड आणून शिवलेली, आणि शिवण बाहेरच्या बाजूला ठेवली आहे, म्हणजे सुटे धागे सापाच्या खवल्यांत अडकत नाहीत. तोंड नाडीने आवळत नाही, पिळून गाठ मारते. तापमापकाचे टोक पिशवीच्या पातळीला चिकटवलेले असते. झाकणापाशी लावले तर ते पॅकचे तापमान सांगते, सापाचे नव्हे. पेटी पुढच्या आसनामागे जमिनीवर ठेवते.

कागदपत्रे पेटीच्या झाकणावरच्या कप्प्यात असतात. भारतात आढळणारे संरक्षित साप पाळणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे. बॉल पायथन आफ्रिकेतला असला तरी तो वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात येतो, आणि २०२४ च्या नियमांनुसार अशा प्राण्याची केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते. साप पाहून कोणीही घाबरणे स्वाभाविक आहे. वाटेत विचारणा झाली तर कागद लगेच हाती देता यावा.

जूनची फेरी पावसात झाली. बाहेर २७ अंश होते आणि दोनच पॅक पुरले. दमट हवेमुळे पॅकवर किंचित ओल आली, म्हणून पुठ्ठ्याच्या वर एक टिपकागद वाढवला. तापमान पूर्ण वेळ २५ च्या आसपास राहिले. डॉक्टरांनी काकवीची फुप्फुसे तपासली आणि आवाज स्वच्छ असल्याचे सांगितले. पुढची तपासणी ऑक्टोबरात आहे.

पेटी मी ठेवणार आहे, आणि पीसीएम पॅक कोणालाही निःशंकपणे घ्यायला सांगेन. कंपनीचे नवे झाकण मी घेतलेले नाही. राखीव पट्टी पावडर लावून, गुंडाळी न करता, गाडीच्या पुढच्या कप्प्यात सपाट ठेवली आहे, आणि प्रत्येक फेरीच्या आदल्या रात्री दिवे मालवून पेटीत बॅटरी ठेवून पाहण्याचे काम भावाकडे आहे.