नऊ महिन्यांनंतर: होमिंगमधला पाच मिलिमीटरचा चकवा

शिरोली एमआयडीसीतील आमच्या लहानशा शॉपमध्ये बिडाच्या कास्टिंगना भोके पाडणारे दोन अक्षांचे एसपीएम (ठरावीक कामासाठी बनवलेले खास मशीन) आहे, आणि त्याच्या अक्षांची हालचाल चालवणाऱ्या मोशन कंट्रोलरला आता नऊ महिने झाले. वेग आणि अचूकता यांविषयी माहितीपत्रकात जे छापले आहे ते खरे निघाले, त्यामुळे त्यावर शब्द खर्च करत नाही. लिहायचे आहे ते होम स्विच (अक्षाचे शून्य ठरवण्यासाठीचा) आणि लिमिट स्विच (अक्षाला टोकापाशी थांबवणारा) यांच्या इनपुटविषयी, कारण माझे पैसे तिथेच गेले.

सहाव्या महिन्यात एका सकाळी अकरा कास्टिंग भंगारात गेली. सगळी भोके एक्स अक्षात सरकली होती. मशीन बंद करून पुन्हा होमिंग केले, म्हणजे अक्षाचे शून्य नव्याने शोधले, तर सारे सुरळीत. चार दिवसांनी पुन्हा तेच. विक्रेत्याच्या सर्व्हिस इंजिनिअरने आमचा होमचा प्रॉक्झिमिटी स्विच (धातू जवळ आला की लागणारा) स्वस्तातला असल्याचे निदान फोनवरच केले, आणि स्विच बदलूनही दोष राहिला तेव्हा एन्कोडरसह (मोटरचे फिरणे मोजणारा भाग) नवी मोटर घेण्याचे कोटेशन पाठवले. भेटीचे शुल्क वेगळे. त्या रागात या कंट्रोलरविषयी जे लिहून ठेवले होते, ते आता खोडावे लागत आहे.

कोटेशन टेबलावर असतानाच मी सरकलेली भोके व्हर्निअरने मोजली. दर वेळी फरक 5 मिमीचाच. कधी 4 नाही, कधी 6 नाही. स्विच खराब असता तर चूक कमीजास्त झाली असती. अक्ष सरकवणाऱ्या आमच्या बॉलस्क्रूचा लीड (एका फेऱ्यात सरकण्याचे अंतर) 5 मिमी असून मोटर त्याला थेट कपलिंगने जोडलेली आहे, म्हणजे चूक नेमकी एका फेऱ्याची होती.

कारण होमिंगच्या पद्धतीत दडलेले आहे. अक्ष वेगाने होम स्विचकडे जातो, स्विच लागला की मागे येतो, मग सावकाश पुढे जाऊन स्विचची कड पकडतो आणि त्यानंतर येणारा एन्कोडरचा पहिला झेड पल्स शून्य मानतो. हा पल्स फेऱ्यात एकदाच येतो. आमच्याकडे डॉग (होम स्विच लावणारा तुकडा) असा बसला होता की स्विचची कड आणि पल्स जवळजवळ एकाच जागी पडत होते. गारठा, डॉगवर साचलेला बिडाचा चुरा किंवा इनपुटच्या फिल्टरचा विलंब यांमुळे कड केसभर पुढे गेली की तो पल्स हुकायचा आणि कंट्रोलर पुढच्या फेऱ्यातला पल्स पकडायचा.

खरे आश्चर्य पुढे होते. सॉफ्टवेअरच्या मॉनिटर पानावर कड आणि पल्स यांतील अंतर दाखवणारा आकडा पहिल्या दिवसापासून होता. एका होमिंगला तो 0.06 मिमी दिसला, दुसऱ्याला 4.97. डॉगचे दोन स्क्रू सैल करून तो अर्ध्या फेऱ्याने, म्हणजे 2.5 मिमी सरकवला आणि होम ऑफसेट (होमपासून कामाच्या शून्यापर्यंतचे अंतर) एकदा तपासून घेतला. खर्च शून्य. तेव्हापासून आकडा 2.4 ते 2.6 च्या बाहेर गेलेला नाही. एवढी सोय दिल्याबद्दल कंट्रोलरचे कौतुकच आहे. मात्र स्वतःला माहीत असलेला आकडा शून्याजवळ आल्यावर त्याने साधा इशाराही देऊ नये, आणि मॅन्युअलमध्ये त्यावर एक ओळही नसावी, हे मला अजून पटत नाही.

या शोधात लिमिट इनपुटही तपासली गेली. कारखान्यातून ती नॉर्मली ओपन (स्विच लागेपर्यंत सर्किट तुटलेले) गृहीत धरून येतात. मी लिमिटची वायर काढून संथ गतीने जॉग केला, म्हणजे बटण दाबून अक्ष सरकवला, तर तो लिमिट ओलांडून पुढे चालू लागला आणि ई-स्टॉप (आणीबाणीत मशीन थांबवणारे बटण) दाबावा लागला. तुटलेली वायर आणि न लागलेला स्विच यांत कंट्रोलरला फरक कळत नव्हता. आता नॉर्मली क्लोज्ड (स्विच लागेपर्यंत सर्किट जोडलेले) स्विच लावून सेटिंगही उलटे केले आहे. वायर निघाली की अक्ष जागीच थांबतो. हे काम मशीन उभारतानाच व्हायला हवे होते, आणि उभारणीचे पैसे मी दिले होते.

दुसऱ्या एसपीएमसाठी हाच कंट्रोलर मागवला आहे. वार्षिक देखभालीचा करार मात्र घेतलेला नाही.