परदेशातलं पहिलं पाकीट: कोकणी जिभेला काय मानवेल, काय नाही

चिपळूण, देवगड, मालवणहून शिकायला किंवा नोकरीला बाहेर गेलेल्या माणसासमोर पहिल्याच आठवड्यात दुकानातली ती मांडणी येते: जपानी कोळंबीच्या कांड्या, चिनी ‘माला’ चिप्स, ड्युरियन, फिनलंडच्या काळ्या गोळ्या. बहुतेक जण चित्र बघून पाकीट उचलतात आणि दोन घासांत टाकून देतात. चित्र राहू द्या. त्या चवीतलं काय आपल्या घरात आधीच शिजतं, ते बघा. आमसूल, तिरफळ आणि सुकटीवर वाढलेल्या जिभेला, इतरांना विचित्र वाटणाऱ्या कितीतरी चवी ओळखीच्या निघतात. काही मात्र अजिबात निघत नाहीत.

सगळ्यात सोपी सुरुवात कोळंबीची. जपानच्या कॅल्बी कंपनीचं ‘कप्पा एबिसेन’ १९६४ पासून मिळतं. त्यात कोळंबी सालासकट वाटून पिठात मिसळलेली असते. जवळ्याची चटणी खाणाऱ्याला ते पहिल्या घासाला पटतं, फक्त तिखट नाही म्हणून थोडं चुकल्यासारखं वाटतं. इंडोनेशियाचं ‘क्रुपुक उदांग’ टॅपिओकाचं पीठ आणि कोळंबी मळून, वाफवून, कापून, वाळवून करतात. म्हणजे रीत आपल्या पापडांची. ते कच्चंही मिळतं. तेल चांगलं तापलेलं हवं. कोमट तेलात टाकलं तर फुलत नाही, मधे चिवट राहतं आणि तेल पितं. ब्रिटनमधल्या ‘प्रॉन कॉकटेल’ चिप्सकडून मात्र सुकटीची आशा धरू नका. पुष्कळ कंपन्यांच्या त्या चिप्समध्ये कोळंबी नसतेच. टोमॅटो, व्हिनेगर आणि साखरेची गोडसर आंबट चव असते. तीनपैकी एकच घ्यायचं तर एबिसेन. शिवाय पाकीटबंद खाऊला वास कमी येतो. सामायिक स्वयंपाकघरात जवळा भाजला तर शेजारी दार ठोठावतात, हे पाकीट फोडल्यावर कुणी येत नाही.

आता तिरफळ आणि ‘माला’. ही जोडी नीट समजून घेण्यासारखी आहे. चिनी भाषेत ‘मा’ म्हणजे बधिर करणारं आणि ‘ला’ म्हणजे तिखट. बधिरपणा येतो सिचुआन मिरीमुळे, आणि ती खरी मिरी नव्हेच. आपलं तिरफळ, सिचुआन मिरी आणि जपानी सान्शो ही तिन्ही झँथोझायलम या एकाच प्रजातीतली भावंडं, लिंबाच्या कुळातली. बांगड्याच्या तिखल्यात तिरफळ चावलं गेल्यावर जिभेच्या टोकाला जी झिणझिणी येते, तीच ही. फरक वापरात आहे. आपण बी काढून फक्त साल घेतो, ती जरा ठेचून टाकतो आणि जेवताना ताटाच्या कडेला सारतो. चिप्सवर ती पूड होऊन मिरचीसोबत चिकटलेली असते, बाजूला काढायची सोय नाही. म्हणून तिरफळ आवडणाऱ्यानेही दोन चिप्स खाऊन मिनिट-दोन मिनिटं थांबावं. बधिरपणा उशिरा चढतो. लागोपाठ मूठभर खाल्लं की मागून सगळं एकदम जाणवतं आणि मग काही वेळ चहाचीही चव नीट कळत नाही. लाल आणि हिरवी अशी दोन्ही पाकिटं समोर असतील तर हिरव्या सिचुआन मिरीचं घ्या. तिचा लिंबासारखा वास तिरफळाच्या जास्त जवळ जातो. सान्शोच्या चिप्स त्याहून सौम्य असतात आणि त्यांत मिरचीचा भडका बहुधा नसतो. ज्याच्या घरी तिरफळ कधी आलंच नाही, त्याने सान्शोपासून सुरुवात करावी.

आंबटात जपानचं उमेबोशी घ्यायचं की मुकाट्याने सॉल्ट अँड व्हिनेगर चिप्स? उमेबोशीची तुलना सगळे आमसुलाशी करतात, पण ती अर्धीच बरोबर आहे. रंग आणि आंबटपणा तसा असला तरी आमसूल आपण आमटीत सोडतो, उमेबोशी तशीच तोंडात जाते. खरं साम्य खारातल्या कैरीशी आहे. उमे नावाचं फळ मिठात मुरवून उन्हात वाळवतात, लाल रंगासाठी शिसोची पानं घालतात. जुन्या पद्धतीत मीठ फळाच्या वजनाच्या १८ ते २० टक्के. म्हणजे १० ग्रॅम गराच्या एका फळात जवळजवळ २ ग्रॅम मीठ, आणि जागतिक आरोग्य संघटनेची दिवसभराची मर्यादा ५ ग्रॅमच्या आत. अख्खं तोंडात टाकणारा इथेच फसतो. चार तुकडे करा, आतली टणक बी चावू नका, आणि एक तुकडा गरम पेजेबरोबर घ्या. जपानातही ते तांदळाच्या पेजेबरोबर खातात, तिला तिथे ओकायू म्हणतात. मधातलं उमेबोशी कमी खारट असतं, नवख्याला तेच बरं. व्हिनेगरच्या चिप्समध्ये आंबटाशिवाय दुसरं काही नसतं; अर्धं पाकीट झालं की ओठांच्या कडा चुरचुरायला लागतात. सोलकढीवर जीव असलेल्याने पैसे उमेबोशीवर घालावेत.

ड्युरियन बघून फणस आठवतो, पण दोघांचं कूळ वेगळं. पिकलेल्या ड्युरियनचा वास इतका पसरतो की सिंगापूरच्या मेट्रोत तो न्यायला बंदी आहे. पाकीट घेताना एवढंच तपासा: आत कच्च्या ड्युरियनचे तळलेले काप आहेत की पिकलेल्याचे गोठवून वाळवलेले तुकडे. थायलंडचे तळलेले काप आपल्या कच्च्या काप्या फणसाच्या तळलेल्या गऱ्यांसारखे, कुरकुरीत आणि जवळजवळ बिनवासाचे. वाळवलेल्या पिकल्या तुकड्यांत मात्र पूर्ण वास असतो, खोलीत फोडू नका. व्हिएतनामी फणसाच्या चिप्समध्ये उलटी गंमत आहे. त्या पिकल्या गऱ्यांच्या, निर्वात तळलेल्या आणि गोड असतात. खारे गरे समजून घेतल्या तर निराशा होते, फणसपोळी समजून घेतल्या तर छान लागतात.

फिनलंडची साल्मियाक्की आणि नेदरलँड्सचा खारट ‘ड्रॉप’ यांत ज्येष्ठमध असतो, तो आपल्याला माहीत आहे. दुसरा घटक अमोनियम क्लोराइड, म्हणजे नवसागर. कल्हईवाला तापलेल्या भांड्यात टाकतो आणि नाकात झोंबणारा पांढरा धूर उठतो, तोच. गोळी चोखताना तशीच झणझण टाळूला लागते, आणि या चवीला कोकणी स्वयंपाकघरात जोडीच नाही. रक्तदाब असलेल्यांनी हिच्या वाटेला जाऊ नये, ज्येष्ठमधाने तो वाढतो. युरोपात ज्येष्ठमधाचं प्रमाण जास्त असलेल्या पाकिटावर तशी सूचना छापावी लागते. पहिल्यांदा सुटी एकच गोळी मिळाली तर बघा, पाव किलो घेऊ नका.

आखातात राहणाऱ्यांचं काम सोपं. झातर या अरबी मसाल्याच्या चिप्सवर सुमाक या आंबट फळाची पूड असते; तिचा आंबटपणा आमसुलाच्या पुडीसारखा असतो, आणि तिखट ओमान चिप्स चुरून चीजसोबत पराठ्यात गुंडाळलेल्या आवडल्या नाहीत असा मालवणी माणूस सापडणं कठीण.

सोमवार, संकष्टी, श्रावण पाळणाऱ्यांनी इथे थांबून वाचावं. भारतातला हिरवा ठिपका बाहेर नसतो. जपानी तांदळाच्या कुरकुरीत सेंबेईवर माशाचं चित्र नसलं तरी आत कात्सुओ, म्हणजे कुप्याच्या जातीच्या माशाचा अर्क, पुष्कळदा असतो. तिथे कोळंबी (एबी) आणि खेकडा (कानी) लिहिणं सक्तीचं आहे, मासा त्या सक्तीच्या यादीत नाही. म्हणून फोनच्या कॅमेऱ्याने घटकांची पूर्ण यादी भाषांतर करून वाचा. युरोपात ॲलर्जीचे १४ घटक वेगळ्या ठशात छापलेले असतात, ते पटकन दिसतात. जिलेटिन त्यांत येत नाही आणि ते बऱ्याचदा डुकराचं असतं. ई-१२० हा किड्यांपासून काढलेला लाल रंग. ई-६३१ हा चव वाढवणारा घटक मांस किंवा माशापासूनही करतात.

गणपतीला घरी येताना पाकिटं आणणार असाल तर मोठं एक आणण्यापेक्षा लहान चार आणा. भाद्रपदातल्या दमट हवेत उघडं एबिसेन बघता बघता मऊ पडतं. पडलंच तर जाड तव्यावर मंद आचेवर दोन-तीन मिनिटं परता, पूर्ण गार होऊ द्या आणि मगच डब्यात भरा. गरम भरलं तर झाकणाला पाणी धरतं आणि पुन्हा मऊ पडतं.